टोपी

तो सातव्या महिन्यातच आला,
जानेवारीत, आत-बाशीची नदी तळापर्यंत गोठलेली असताना.
मुठीएवढा. रडणंही जमेना,
नुसतं मांजरीच्या पिल्लासारखं कुईकुई.
थोरल्या काकूनं कोल्ह्याच्या कातड्याची टोपी घेतली,
मेंढीच्या शेपटाच्या चरबीनं त्याला चोळलं, आत बसवलं,
आणि उन्हाळी तंबूची लाकडी जाळी
चुलीशेजारी उभी करून
टोपी टांगली पहिल्या टोकाला.
रोज एक टोक पुढं.
चाळीस दिवस, चाळीस टोकं.
मग नाव ठेवलं: तोक्तोसुन.
म्हणजे, थांबू दे याला.
नाव कसलं, विनवणीच ती.

हे अख्ख्या गावाला पाठ.
म्हणून शाळेत तो तोक्तोसुन नव्हताच.
टोपी.
हिवाळाभर त्याची छाती वाजायची
लोहाराच्या फाटक्या भात्यासारखी.
दर सप्टेंबरात नर्सबाई दाराच्या चौकटीला उभं करून
पेन्सिलीची रेघ मारायची,
आणि टोपीची रेघ यायची
आमच्या दोन वर्षांमागच्या रेघेपाशी.

त्याला कुणी मारलं नाही, शपथेवर सांगतो.
मारायचं तर आधी माणसाला मोजावं लागतं.

बकऱ्याच्या धडासाठी घोडे घोड्यांवर आदळायचे,
त्याआधी कुबात गडी निवडायचा.
तू. तू. तू ये. तू पण.
शेवटी मैदानाच्या कडेला उरायचे
आमचे कोट, आणि टोपी.
कोट तो सांभाळायचा.
कुणाच्या खिशात काय, हे त्यालाच ठाऊक असायचं,
आणि त्यानं कधी कशाला हात लावला नाही.

आमच्याकडे मेंढीच्या हाडांनाही मानपान असतो.
कंबरेचं कुणाला, मांडीचं कुणाला,
ते ज्याच्या त्याच्या वयावर.
पण एकाच वर्षी जन्मलेले आम्ही अकरा जण
ताटाभोवती बसतो, तेव्हा काय बघून वाढतात?
सांगत कुणी नाही.
वाढणाऱ्याच्या हाताला कळतं.

बेचाळीस वर्षांचे झालो.
कुबातनं दोन घोडे दारूत घातले,
मेव्हण्याच्या उसन्यावर जगतो,
तरी कंबरेचं हाड त्याचंच.
तोक्तोसुन गुरांचा डॉक्टर. त्याची छाती आता वाजत नाही.
माझी घोडी आडवी अडली होती
तेव्हा पहाटेपर्यंत खांद्याइतका हात आत घालून बसला होता.
ताटात त्याच्या मणक्याचा तुकडा.
ते मला कधी खटकलंही नाही.

मग गेल्या फेब्रुवारीत माझी मुलगी
आठ आठवडे आधीच आली.
नारीनच्या इस्पितळात, काचेच्या पेटीत,
नाकात नळी, टाचेला चिकटपट्टी.
कुबातनं फोनवर अंगठा पाठवला.
तोक्तोसुन बर्फातून आला, कोळशाच्या लॉरीत बसून.
बाकड्यावर माझ्याशेजारी टेकला.
धीर दिला नाही, देवाचं नाव घेतलं नाही.
इतकंच विचारलं, कितवा?
नववा, मी म्हणालो.
हं. एकतीस राहिले.
चार दिवसांनी परत आला. सत्तावीस.

म्हणजे त्याला कुणीतरी सांगितलं होतं
एकेक टोक.
आणि आम्ही उचललं होतं फक्त टोपीचं हसू.

जूनमध्ये जेवण घातलं.
घर माझं, सुरी माझ्या हातात.
कंबरेचं हाड मी तोक्तोसुनपुढं ठेवलं.
चमचे थांबले.
कुबात हसला, टोपी डोक्यावर बसली की!
तोक्तोसुननं हाडाकडं थोडा वेळ पाहिलं,
चुकीच्या पत्त्यावर आलेलं पाकीट परत करावं
तसं ते उजवीकडं सरकवलं,
मणक्याचा तुकडा घेतला
आणि स्वच्छ, चवीनं खाल्ला.
मी सुरी पुसत राहिलो. पुसायला तिच्यावर काही नव्हतं.

आतल्या खोलीत मुलगी खोकली.
ताटावरून दोघंच उठलो.
माझ्या आधी तो.